ज्याचे ओझे त्याने उचलून पाहावे

माझा दादा परदेशी प्रवासी जहाजावर केबिन साफ करतो. त्याच्या पगारातून माझी फी भरली जाते. गेल्या सुटीत तो घरी आला तो कंबर धरूनच. विचारले तर म्हणाला, "लोकांच्या बॅगा!"

केबिन म्हणजे एक लहानशी खोली. रिकाम्या बॅगा पलंगाखाली सरकवायच्या. भिंती पोलादी, म्हणून लोहचुंबकाच्या आकड्यांना टोप्या अडकवायच्या. आगीच्या भीतीने इस्त्री न्यायचीच नाही. शेवटच्या रात्री बॅगा चिठ्ठी लावून दाराबाहेर ठेवायच्या. पुढे त्या जहाजावरची माणसे वाहतात. तरी सात दिवसांच्या सहलीला माणशी तीन बॅगा येतातच! दादा मात्र दोघांच्या खोलीत, एका अरुंद कपाटात आठ महिन्यांचा संसार मांडतो.

जुन्या आगबोटींवर काही पेट्यांना 'प्रवासात नको' अशा अर्थाची इंग्रजी चिठ्ठी लावीत. त्या पेट्या थेट जहाजाच्या पोटात जात. मला वाटते, ही चिठ्ठी आपण घरीच लावावी आणि ती वस्तू घरीच ठेवावी.

कोणी म्हणेल, उचलण्याचाच त्याला पगार मिळतो. खरे आहे, त्याच पगारावर मी शिकते. पण पगार हातांना मिळतो, कंबर कोणी भरून देत नाही.

दादाने मला त्याची जुनी बॅग दिली. वसतिगृहात येताना मी ती गच्च भरली, एकदा स्वतः उचलून पाहिली आणि निम्मी रिकामी केली.