‘आनि-पानी’ला हसणाऱ्यांचे भाषाशास्त्र

‘आनि’, ‘पानी’ म्हणणाऱ्या आमच्या पोरांना वर्गात अजून हसतात. तक्रार केली की भाषाशुद्धीवाले सुनावतात : हा जातीचा नव्हे, शास्त्राचा प्रश्न आहे, आणि भाषेचे शास्त्र आमच्या पाणिनीने जगाला दिले. ठीक आहे, शास्त्राचेच बोलू.

पाणिनीची बुद्धी आम्ही नाकारत नाही. अमेरिकेच्या ब्लूमफील्डने १९३३ साली त्याच्या व्याकरणाची मनापासून स्तुती केली, ती योग्यच होती. पण हे व्याकरण कोणाच्या बोलण्याचे? पतंजलीचे महाभाष्य उघडा. प्रमाण कोण, तर शिष्ट. आणि शिष्ट कोण, तर आर्यावर्तातले निर्लोभी ब्राह्मण! ‘गौः’ एवढाच शब्द शुद्ध. गावी, गोणी, गोता, गोपोतलिका हे सारे अपभ्रंश. गाय तीच, दूध तेच. भ्रष्ट ठरला तो बोलणारा.

सोस्यूर जिनिव्हात संस्कृतच शिकवत होता. त्याच्या मृत्यूनंतर, १९१६ साली, त्याची व्याख्याने पुस्तकरूपाने आली आणि आधुनिक भाषाविज्ञान तिथून सुरू झाले असे मानतात. त्याचे म्हणणे, शब्दाचा ध्वनी आणि अर्थ यांचे नाते निसर्गाने ठरवलेले नाही, समाजाच्या संकेताने ठरते. म्हणजे ‘पाणी’ हे ‘पानी’पेक्षा जास्त ओले नाही.

पण म्हणून आम्ही पाश्चात्त्यांपुढेही मान तुकवणार नाही. चोम्स्कीने १९६५ साली आपल्या सिद्धान्तासाठी एक आदर्श भाषक कल्पिला, तो राहतो पूर्णपणे एकजिनसी समाजात. अभ्यासाची सोय म्हणतात ही. असे एक तरी गाव भारतात दाखवा! सोयीसाठी वगळलेली गोष्ट आमच्याकडे जात असते.

ती न वगळणारा माणूसही होता. जॉन गम्पर्झ उत्तर प्रदेशातल्या एका गावात गेला. १९५८च्या लेखात त्या गावाचे नाव खालापूर दिले आहे (आपल्या रायगडमधले नव्हे). त्याला दिसले की अस्पृश्य जातींची बोली उरलेल्या गावापेक्षा वेगळी आहे. का? गाठभेट होत नव्हती म्हणून? गाठ तर रोज पडायची, सवर्णांच्या शेतात, त्यांच्या दारात. पण त्या कामाच्या बोलण्याने बोली एक झाली नाही. फरक पडत होता तो मैत्रीच्या, बरोबरीने बसून मारलेल्या गप्पांचा, आणि त्याच नव्हत्या. आमच्या जिभेत खोट नव्हती हो, तुमच्या ओट्यावर आम्हाला जागा नव्हती.

पुढे लबॉव्हने हार्लेममधल्या काळ्या मुलांच्या इंग्रजीलाही स्वतःचे पक्के नियम आहेत, हे दाखवून दिले.

आणि बाबासाहेब? त्यांना शाळेत संस्कृत शिकायचे होते, घ्यावी लागली पर्शियन. आधी भाषेचे दार बंद करायचे, मग बाहेर उभ्या माणसाचे उच्चार तपासायचे, हे कुठले शास्त्र?

डी.एड.च्या वर्गात ऱ्हस्व-दीर्घ जरूर शिकवा. पण त्याच वर्गात गम्पर्झचा हा लेखही मराठीत आणून शिकवा, आणि परीक्षेत त्यावर प्रश्न विचारा.