सापाची पिल्लं विकून कमाई? आधी हिशेब मांडू या

मागच्या महिन्यात आमचा एक माजी विद्यार्थी घरी आला. मोबाईल दुरुस्तीचं छोटं दुकान चालवणारा, मेहनती मुलगा. म्हणाला, "सर, बॉल पायथनची जोडी घेतोय. पिल्लं काढून विकली की दोन वर्षांत पैसे वसूल. व्हिडिओत सगळं दाखवतात." पैसे कुठून आणणार, असं विचारलं तर मान खाली घालून म्हणाला, "अम्मीचे दागिने ठेवायचे."

आम्ही लगेच नको म्हटलं नाही. वही काढली आणि दोघांनी मिळून हिशेब मांडला.

पहिला प्रश्न कायद्याचा. आपल्याकडचा अजगर किंवा नाग पाळणं, विकणं हा सरळ गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा. त्याच्या पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यांबाबत ३ ते ७ वर्षांची कैद होऊ शकते. बॉल पायथन हा मूळ पश्चिम आफ्रिकेतला साप, म्हणून "परदेशी आहे, चालतं" असं विक्रेते सांगतात. हे अर्धंच खरं आहे. २०२२ च्या दुरुस्तीने आंतरराष्ट्रीय कराराखाली येणारे परदेशी प्राणीही कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आले आणि त्यांत हा सापही आहे. २०२४ च्या नियमांनुसार असा प्राणी जवळ असल्याची नोंद सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. पिल्लं झाली, प्राणी मेला, दुसऱ्याला दिला, तरी कळवावं लागतं. परदेशातून आणायचा तर आयातीची परवानगी वेगळी.

प्रत्यक्षात काय होतं? डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात बिस्किटं आणि केकच्या पाकिटांत लपवलेले ९ बॉल पायथन आणि २ कॉर्न स्नेक सापडले. असा माल पुढे चार हात फिरून आपल्या गावच्या पोराकडे आला, तर कागद मागितल्यावर तो काय दाखवणार? विकणारा तोवर फोन बंद करून बसलेला असतो.

दुसरा प्रश्न पैशांचा. मादी अंडी घालण्याजोगी व्हायला साधारण तीन वर्षं लागतात. ती वर्षातून फार तर एकदा अंडी घालते, बहुधा चार ते आठ, आणि दरवर्षी घालेलच असं नाही. अंडी सुमारे ५५ ते ६० दिवस ३१-३२ अंश तापमानात ठेवावी लागतात. मालेगावसारख्या ठिकाणी उन्हाळ्यात पारा ४० च्या पुढे जातो, त्यात वीज गेली की वर्षाची मेहनत संपली. शिवाय सापांचं खाणं म्हणजे उंदीर. म्हणजे सापांआधी उंदरांचा कारखाना काढायचा. सापांवर इलाज करणारा डॉक्टर तालुक्याला मिळत नाही, ते वेगळंच.

आणि भाव? या धंद्यात पैसा मिळतो तो नव्या रंगाला, ज्याला 'मॉर्फ' म्हणतात. १९९२ मध्ये अमेरिकेत पांढरट-पिवळा अल्बिनो बॉल पायथन पहिल्यांदा पैदा केला गेला, तेव्हा अशी पिल्लं हजारो डॉलरला जायची. मग प्रत्येकाने तीच पिल्लं काढली. आज तिथे तेच पिल्लू त्या मानाने खूपच स्वस्त मिळतं. जो पहिला आला त्याने कमावलं, शेवटी आला त्याच्या घरात पिंजरे उरले. व्हिडिओ दाखवणाऱ्याला तर आपल्यालाच जोडी विकायची असते.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड. 'स्पायडर' नावाचा मॉर्फ दिसायला देखणा, पण त्याचं डोकं डुलत राहतं, तोल जातो, काही वेळा भक्ष्यावर नेमका झेपावताही येत नाही. संशोधकांना त्याच्या आतल्या कानाच्या रचनेत दोष आढळला आहे. हा दोष त्या रंगाबरोबरच पिढ्यान्‌पिढ्या येतो. हे माहीत असूनही वर्षानुवर्षं पैदास झाली, कारण गिऱ्हाईक होतं. मुका जीव तक्रार करत नाही, म्हणून त्याचा त्रास हिशेबात धरायचाच नाही का?

शिवाय न विकल्या गेलेल्या पिल्लांचं काय? हा साप २० ते ३० वर्षं जगतो. कंटाळून रानात सोडला तर त्याचे हाल, आणि कधी रानाचेही. अमेरिकेत फ्लोरिडाच्या दलदलीत पाळीव बर्मी अजगर सुटले, वाढले आणि तिथले रॅकून, ओपोसम झपाट्याने घटले. २०१२ मध्ये सरकारला त्या अजगराच्या आयातीवर बंदी घालावी लागली.

आपल्याकडे कायदा आला तेव्हा गारुड्यांची टोपली गेली. पिढीजात कसब असलेली ती गरीब माणसं होती, त्यांना पर्याय फारसा मिळाला नाही. तोच कायदा आपल्या शिकलेल्या मुलांना माहीत नसावा, याची जबाबदारी आम्हा शिक्षकांवरही येते.

सापांची आवड वाईट नाही. आवड असेल तर प्राणिशास्त्र शिका, वन खात्याच्या नियमांत राहून साप वाचवणाऱ्यांबरोबर काम करा. आणि कोणी जोडी विकायला आलाच तर तीनच गोष्टी विचारा: नोंदणीचा कागद कुठे आहे? मागच्या वर्षी पिल्लं कोणी, किती रुपयांना घेतली? उरलेली कुठे आहेत?

आमचा विद्यार्थी वहीचं ते पान फाडून घेऊन गेला. दागिने अजून घरातच आहेत.