भांडू द्या त्यांना!

आमच्या शिक्षकांच्या खोलीत एक सद्‌गृहस्थ आहेत. जगातली यच्चयावत भांडणे मिटावीत, अशी त्यांची तळमळ. २०२३ साली ड्युरँड चषकाचा अंतिम सामना मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्यात झाला, तेव्हा ते मला म्हणाले, "मास्तर, एका गावचे दोन संघ आणि एवढे हाडवैर! दोन्ही मोडून एकच मंडळ का करत नाहीत?"

मी मॅट्रिक झालेला, कादंबऱ्या लिहूनही पोट न भरणारा मास्तर. विद्वानाशी वाद घालू नये, एवढे मला कळते. पण त्या दिवशी राहवले नाही.

अहो, एक मंडळ! मोहन बागान १८८९ चा. १९११ साली त्याच्या पोरांनी गोऱ्यांच्या ईस्ट यॉर्कशर पलटणीला २-१ असे लोळवून आयएफए शील्ड जिंकली. अकरांपैकी दहा जण अनवाणी! ईस्ट बंगाल १९२० चा. फाळणीत घरदार, शेतीवाडी पद्मेपलीकडे टाकून आलेल्या माणसांना कलकत्त्यात 'आपले' म्हणायला जे थोडे उरले, त्यात या संघाचा लाल-सोनेरी रंग होता. हे काय नगरपालिकेचे दोन वॉर्ड आहेत, एकत्र करायला? एकाच्या विजयाला घरात कोळंबी शिजते, दुसऱ्याच्या विजयाला इलिश, म्हणजे आपल्या कोकणातला पाला. दोन्ही एका पातेल्यात घाला, म्हणजे जेवायला कुणीच बसणार नाही.

आणि त्या अंतिम सामन्यात झाले काय? तीनच आठवड्यांपूर्वी ईस्ट बंगालने बागानला हरवले होते. अंतिम सामन्यात बागानचा थापा लाल कार्ड घेऊन बाहेर गेला. उरले दहा. तरी ७१ व्या मिनिटाला पेट्राटॉस चेंडू घेऊन एकटा धावत सुटला आणि त्याने गोल मारला! १-०. बागानचा सतरावा ड्युरँड; ईस्ट बंगालचे सोळा. समोर ईस्ट बंगाल नसता, तर ते दहा जण असे जिवावर उदार झाले असते का?

"आणि १९८० चे काय?" गृहस्थांनी हुकमाचे पान टाकले. प्रश्न रास्त होता. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर याच दोन संघांच्या सामन्यात प्रेक्षकांत दंगल उसळली आणि सोळा माणसे घरी परतली नाहीत. त्यावर पांघरूण घालणारा मी नव्हे. पण २०२४ चा ऑगस्टही पाहा. कलकत्त्यात एका तरुण डॉक्टर मुलीची रुग्णालयातच हत्या झाली. शहर पेटले. बंदोबस्ताला पोलीस पुरणार नाहीत म्हणून १८ तारखेचा यांचा ड्युरँडचा सामना रद्द झाला. तेव्हा दोन्हीकडचे पाठीराखे स्टेडियमबाहेर खांद्याला खांदा लावून उभे राहिले आणि त्या मुलीसाठी न्याय मागू लागले. हाडवैरी म्हणे!

भांडण नको असेल, तर आमच्या मुंबईत या. १८९१ पासूनचा रोव्हर्स चषक कूपरेजवर व्हायचा. हैदराबाद पोलिसांनी तो १९५० ते १९५४ असा ओळीने पाच वेळा नेला. २००१ नंतर तो भरलाच नाही. दंगल नाही, मोर्चा नाही, एका घरातली चूल विझली नाही. अगदी शांततेत गेला बिचारा.

गृहस्थांनी चहा संपवला आणि तासाची घंटा झाली.