फेलोशिप वेळेवर द्या

परवा परंड्याच्या एसटीत शेजारच्या ताईंच्या मांडीवर खव्याचा डबा होता, मुंबईत कॅन्सरवर पीएचडी करणाऱ्या लेकीसाठी. “फेलोशिप चांगली आहे हो, पण महिनोन्महिने येतच नाही. खोलीभाडं अजून आम्हीच धाडतो,” त्या म्हणाल्या. २०२३ पासून ज्युनियर फेलोला महिना ३७,००० रुपये ठरलेत. पण ठरणं निराळं, खात्यात पडणं निराळं. हे पैसे ज्या कामासाठी, ते किती मोलाचं असतं बघा: बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाने टाटा रुग्णालयासोबत आपल्या परंड्याच्याच जिल्ह्यातल्या १,३१,७४६ बायकांचा अभ्यास केला. आयुष्यात एकदा केलेल्या एचपीव्ही तपासणीनेही गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे होतात, हे २००९ साली जगाला इथून कळलं. असं काम वर्षानुवर्षं चालतं: नमुने, नोंदी, त्याच उंबऱ्यावर पुन्हा जाणं. कॅन्सर संशोधनातलं हे राबणं बहुतेक विशी-तिशीतल्या पोरापोरींच्याच वाट्याला येतं. कॅन्सर संशोधक कमल रणदिवेंना डॉ. खानोलकरांसारखे गुरू लाभले, म्हणून त्यांच्या हातून मुंबईत टिश्यू कल्चरची प्रयोगशाळा उभी राहिली. गुरू आजही भेटतात, पण भाडं गुरूंनी भरायचं का? फेलोशिप लांबली तर ती व्याजासकट द्यावी, आणि ताईंच्या लेकीची थकबाकी या दिवाळीआधी चुकती करावी.