देवावर हवाला

मिरगाच्या तोंडावर आरोंद्यास भाच्याकडे जाणे झाले. तेरेखोल नदीच्या अलीकडे आपले सिंधुदुर्गातील गाव, पलीकडे गोवा. त्याचे किराणा दुकान लहान. काजूचा हंगाम सरला की गिऱ्हाइकांच्या हातचा पैसाही सरतो. मग भात घरात येईपर्यंत दुकान उधारीवरच चालते. त्या दिवशी त्याने वही माझ्यापुढे सरकविली. "मामा, माझे भांडवल एवढेच. यंदा उधारी बंद करू, की देवावर हवाला ठेवून चालू ठेवू?"

तारण आणि परतफेडीची ऐपत पाहण्यात बँकेत माझे आयुष्य गेले. त्या हिशेबाने उत्तर सोपे होते. पण 'हवाला' या शब्दाशी मी अडलो. व्यापारात हवाला म्हणजे आपले देणे दुसऱ्याच्या शिरावर घालणे. आपले जिनेश्वर तर वीतराग. ते कोणाची उधारी वसूल करून देत नाहीत आणि कोणाचे दुकान बुडवीतही नाहीत. फळाची वासना धरून केलेल्या धर्माचरणाला शास्त्राने 'निदान' म्हटले आहे व माया-मिथ्यात्वाच्या पंक्तीला बसवून शल्य ठरविले आहे. मग तुटपुंज्या साधनांच्या माणसाने विश्वास ठेवावा तो कशावर?

मी त्याला लक्ष्मीबाई पाटलांची हकिकत सांगितली. कर्मवीर भाऊराव पाटील कुंभोजला जैन घराण्यात जन्मले. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली, १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. जुन्या वळणात वाढलेल्या लक्ष्मीबाई त्या मुलांना आईच्या मायेने जेवू घालीत. पैसा कमी पडला की अंगावरचा एखादा दागिना जाई. एकदा भाऊराव परगावी असताना कोठीत धान्यच उरले नाही. तेव्हा त्यांनी गळ्यातील मंगळसूत्र देऊन मुलांच्या जेवणाची सोय केली. १९३० साली त्या निवर्तल्या. संस्थेचा पुढचा विस्तार त्यांनी पाहिलाच नाही. धान्य कोठून तरी येईल म्हणून त्या हात जोडून बसल्या नाहीत. हाताशी आहे ते आजच्या कर्तव्यासाठी आहे, एवढाच त्यांचा भरवसा.

भाचा हुशार. म्हणाला, "मामा, मामींचे मंगळसूत्र तुम्ही दिले असते?"

"नाही," मी म्हणालो. माझ्या निवृत्तीच्या रकमेची मुदतठेव मी आजवर मोडलेली नाही. खोटे कशाला सांगू?

मग आम्ही परिग्रह-परिमाणाची गोष्ट काढली. घरखर्च, मुलांचे शिक्षण, घाऊक व्यापाऱ्याचे देणे वजा केले. जी रक्कम परत आली नाही तरी चूल बंद पडणार नाही, ती त्याने पानाच्या कोपऱ्यात लिहिली. पुष्कळ वेळ पाहत राहिला, मग खोडून थोडी वाढविली. मी बँकेच्या सवयीने हरकत घेणार होतो, गप्प राहिलो.

तेवढ्यात एक म्हातारी तांदळाला आली. मागची बाकी तशीच होती. त्याने पान उलटले आणि तिचे नाव नव्या पानावर घेतले.