फुकट व्याख्यान आणि शेवटची गाडी

मागच्या हिवाळ्यात मी नागपूरला ध्रुवप्रदेशावरचे एक व्याख्यान ऐकायला गेले होते. 'सर्वांसाठी खुले, प्रवेश विनामूल्य' असा कागद आमच्या सूचनाफलकावर लागला होता. आमच्या घरात 'विनामूल्य' या शब्दाला फार मान आहे, म्हणून बाबांना विचारायचे धैर्य झाले. बाबा म्हणाले, "फुकट हाय म्हन्तं, मंग पैसे कायले पायजे वं?" मी हिशेब सांगितला. आंजी ते वर्धा, वर्धा ते नागपूर, तिथून सभागृहापर्यंत ऑटो आणि परत येताना हेच सारे उलटे. एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट आहे, तेवढेच बरे. शिवाय दिवस कापूस वेचण्याचे. माझी एक दिवसाची वेचणी बुडणार ती वेगळीच. शेवटी आई म्हणाली, "जाऊ द्या तिले," आणि मी गेले.

निघताना बाबांनी एक प्रश्न दिला. मी तो वहीच्या मागच्या पानावर त्यांच्याच शब्दांत लिहून घेतला : "पोया झाल्यावरचं पानी आताशा एकाच रातीत काऊन पडते?" ज्यांच्या घरी शेती नाही त्यांच्यासाठी सांगते. पोळ्यानंतरच्या त्या दिवसांत सोयाबीनच्या शेंगा भरत आलेल्या असतात, कपाशीला बोंडे धरलेली असतात. शेतात पाणी साचून राहिले की खालची बोंडे सडतात आणि सोयाबीनला शेंगेतच कोंब फुटतात. धाम नदी आमच्या गावाजवळूनच वाहते. तेव्हा हा प्रश्न काही जिज्ञासेपोटी विचारलेला नव्हता.

वक्ते स्वतः अंटार्क्टिकाला राहून आलेले होते. ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याच्या मार्मागोवा बंदरातून डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली २१ जणांची पहिली भारतीय मोहीम निघाली व ९ जानेवारी १९८२ ला त्या बर्फावर उतरली, तेथून त्यांनी सुरुवात केली. १९८३–८४ च्या मोहिमेत उभारलेले आपले पहिले केंद्र 'दक्षिण गंगोत्री' पुढे बर्फाखालीच गाडले गेले, म्हणून १९८९ मध्ये 'मैत्री' हे केंद्र खडकावर बांधले. त्याच १९८३–८४ च्या मोहिमेत डॉ. अदिती पंत व डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता या दोन स्त्रिया होत्या, भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकावर पाऊल ठेवणाऱ्या पहिल्या स्त्रिया. त्यांतल्या अदिती पंत यांचा जन्म नागपूरचा! हे ऐकून मी उगीचच ताठ होऊन बसले.

पण माझे सर्वांत जास्त लक्ष लागले ते बुडबुड्यांकडे. हिमावर हिम साचत जाते, दाबाने त्याचा बर्फ होतो आणि त्या त्या वेळची हवा आत बारीक बुडबुड्यांच्या रूपाने कोंडून राहते. खोल छिद्र पाडून बर्फाचे लांब दांडे बाहेर काढतात व त्या हवेची तपासणी करतात. अशी ८ लाख वर्षांपूर्वीपर्यंतची हवा माणसाच्या हाती आली आहे. त्या सबंध काळात कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दहा लाख भागांत सुमारे ३०० च्या वर गेलेले नव्हते. आज ते ४२० च्या पुढे आहे. पाण्यावर तरंगणारा बर्फ वितळला तर समुद्राची पातळी फारशी वाढत नाही, जमिनीवरचा वितळला तर वाढते, हेही तेव्हाच कळले. मात्र बर्फ गेला की खालचे काळे पाणी उघडे पडते आणि पांढरा बर्फ जे ऊन परतवून लावत होता ते पाणी पिऊन टाकते. आमच्याकडे काळी जमीन कशी तापते हे पाहिलेल्याला यात नवल वाटू नये.

अर्धे व्याख्यान इंग्रजीत होते. ते मी शेजारणीच्या चेहऱ्यावरून समजून घेतले.

व्याख्यान संपले. अध्यक्ष म्हणाले, "आता श्रोत्यांनी प्रश्न विचारावेत." मी घड्याळाकडे पाहिले. वर्ध्याहून आर्वी रस्त्याची शेवटची गाडी गाठायची तर त्याच क्षणी उठायला हवे होते. मी उठले. दारापाशी पोचले तेव्हा मागे कोणीतरी विचारत होते की तिथे पेंग्विन माणसांना घाबरतात का. बाबांचा प्रश्न वहीतच राहिला.

तेव्हापासून माझे मत बनले आहे की खुले व्याख्यान कोणाला खुले आहे, हे तिकिटावरून ठरत नाही. ते कुठे आहे, किती वाजता आहे आणि कोणत्या भाषेत आहे यावरून ठरते. मायकेल फॅरेडे पुस्तके बांधणाऱ्याकडे उमेदवारी करणारा पोरगा होता. १८१२ मध्ये एका गिऱ्हाइकाने त्याला हम्फ्री डेव्हीच्या व्याख्यानांची तिकिटे दिली, तेथून त्याचे आयुष्य पालटले. ही गोष्ट आपण नेहमी सांगतो. पण फॅरेडे लंडनमध्येच राहत होता, हे कोणी सांगत नाही. त्याला शेवटची गाडी पकडायची नव्हती.

परत आल्यावर मी आमच्या भूगोलाच्या सरांना वहीतले पान दाखवले. त्यांनी आठवड्याभराने जे काढून दिले ते वाचून मी थक्क झाले. २०२१ मध्ये गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राच्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला आहे. रशियाच्या उत्तरेस कारा समुद्र आहे. उन्हाळ्यात तिथला बर्फ कमी होणे आणि मध्य भारतात सप्टेंबरमध्ये अतिवृष्टी होणे यांचा संबंध असू शकतो, असे त्यात म्हटले आहे. 'असू शकतो' हे शब्द त्यांचेच; शास्त्रज्ञ जपून बोलतात. पण पोळ्यानंतरच्या पाण्याचा विचार वास्कोतली माणसे करीत आहेत आणि ज्याचे सोयाबीन कुजते त्याला त्याचा पत्ता नाही, ही गोष्ट मला शांत बसू देत नाही.

माझा मित्र म्हणतो, हे सगळे मोबाइलवर दिसते, त्यात काय एवढे! दिसते, खरे आहे. मी बाबांना असे एक भाषण लावून दिले. दहा मिनिटांत ते घोरू लागले, कारण मोबाइल त्यांच्या प्रश्नाला उत्तर देत नव्हता. दुसरी शंका अशी की गावात ऐकायला येणार कोण? ही शंका घेणाऱ्यांनी आमच्याकडचा भागवत सप्ताह पाहिलेला नसावा.

आपल्या विदर्भातल्या दोन विद्यापीठांना कोणाची नावे आहेत, हे एकदा आठवून पाहावे. नागपूरच्या विद्यापीठाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे, अमरावतीच्या विद्यापीठाला संत गाडगेबाबांचे. एकाने खंजिरी घेऊन गावोगाव भजने केली. दुसऱ्याने दिवसा गाव झाडले आणि रात्री कीर्तन केले, तेही समोरच्या माणसांना प्रश्न विचारत, त्यांच्याच तोंडून उत्तरे काढत. दोघांपैकी कोणीही लोकांना 'सभागृहात या' म्हटले नाही. वऱ्हाडीत बोलूनही मोठा विचार सांगता येतो, हे गाडगेबाबांनी शाळेत न जाता दाखवून दिले. मग बर्फातल्या बुडबुड्याची गोष्ट वऱ्हाडीत का सांगता येऊ नये?

एप्रिल २०२४ मध्ये अंटार्क्टिकातल्या आपल्या 'भारती' केंद्रावर टपाल कार्यालय उघडले. त्याला प्रायोगिक पिन कोड मिळाला एमएच–१७१८. म्हणजे इथून टाकलेले पत्र त्या बर्फापर्यंत जाऊ शकते. तिथून आलेला माणूस मात्र नागपूरच्या पुढे येत नाही.

माझी सूचना अगदी लहान आहे. वर्षातून एक व्याख्यान आंजीला व्हावे. कापसाची वेचणी उरकल्यावर, रात्री आठला, जेवणे झाल्यावर. शाळेचे पटांगण आहे, ग्रामपंचायतीचा भोंगा आहे. वक्त्यांचा परतीचा प्रश्न असेल तर आमच्या ओसरीवर खाट आहे, पहाटेची पहिली गाडी मी स्वतः दाखवीन. बर्फ आम्ही कुल्फीवाल्याकडून आणू. एक खडा पाण्यात टाकू, एक दगडावर ठेवू. कोणाच्या वितळण्याने भांडे भरते ते पोरांनाही कळेल.

पहिला प्रश्न बाबांचा राहील. ते पान मी अजून फाडलेले नाही.