मुलाने प्रथम कोणाला सांगावे?

मार्च 2020 मध्ये शाळांची दारे बंद झाली, आणि घरातील एकुलता एक मोबाइल वडिलांच्या खिशातून मुलाच्या हाती गेला तो शाळेच्याच सांगण्यावरून. मुलांच्या मोबाइलवेडाबद्दल पालकांना दोष देताना आपण शिक्षकांनी ही गोष्ट विसरता कामा नये. ज्या साधनाचा अभ्यासासाठी आपण आग्रह धरला, त्याच्या सुरक्षित वापराचे शिक्षण तंत्रज्ञांवर वा पोलीस खात्यावर सोपवून शाळेस मोकळे होता येणार नाही.

बहुतेक समाजमाध्यमांवर खाते उघडण्यास वयाची 13 वर्षे पूर्ण असावी लागतात. या दंडकाचे मूळ अमेरिकेने 1998 साली केलेल्या कायद्यात आहे. आपल्याकडे पाचवी-सहावीतील मूल जन्माचे साल खोटे भरून, पुष्कळदा थोरल्या भावंडाच्या मदतीने आणि क्वचित आईवडिलांच्या देखत, हा उंबरठा ओलांडते. अल्पवयीनांसाठी कंपन्यांनी ठेवलेली संरक्षणे मग त्याला लागूच होत नाहीत. त्याहून गंभीर परिणाम असा की, पुढे संकट आले तर हे खोटे उघडकीस येईल या धास्तीने ते मूल गप्प बसते.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने 2022 च्या स्वातंत्र्यदिनापासून सायंकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास दूरचित्रवाणी व मोबाइल बंद ठेवण्याचा परिपाठ सुरू केला. या उपक्रमाचे मोल आम्हांस विशेष वाटते ते अशासाठी की, त्यात मुलांबरोबर थोरांनीही स्वतःस बंधन घालून घेतले. तथापि दीड तासाच्या संयमानंतर मूल पुन्हा त्याच जगात परतते, आणि तेथे कसे वागावे हे त्यास कोणीतरी शिकवावेच लागते.

तेथे जाळे कसे टाकले जाते, हे प्रत्येक वर्गशिक्षकाने नीट समजून घेतले पाहिजे. ऑनलाइन खेळात वा समाजमाध्यमावर कोणी अनोळखी इसम समवयस्क असल्याचा बहाणा करून स्नेह जोडतो, तासन्‌तास ऐकून घेतो, घरच्यांविषयीच्या तक्रारींना दुजोरा देतो, संभाषण हळूच खाजगी संदेशांकडे वळवतो आणि विश्वास बसला की छायाचित्र मागतो. ते हाती येताच पैशाची अथवा आणखी छायाचित्रांची मागणी सुरू होते, आणि न दिल्यास सर्व मित्रांना पाठविण्याची धमकी. या साऱ्या कारस्थानाचा आधार मुलाची भीती हाच असतो. फोन हिसकावला जाईल, शाळेतून नाव काढतील, बाबा मारतील, असे मुलास वाटते, आणि गुन्हेगार नेमके तेच त्याच्या कानी घालत राहतो. यास्तव ज्या शाळेत मोबाइलचा विषय निघताच केवळ जप्ती आणि शिक्षा यांचीच भाषा बोलली जाते, ती शाळा नकळत त्या इसमाचे काम सोपे करते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मूल सांगावयास आलेच, तर पहिले वाक्य दटावणीचे नसावे. ‘तू सांगितलेस हे बरे केलेस’ एवढे म्हणावे आणि ऐकून घ्यावे. संदेश पुसू देऊ नयेत. समोरच्याचे खाते, क्रमांक, दिनांक व वेळ यांची नोंद करावी. मात्र ते छायाचित्र स्वतःच्या फोनवर घेणे किंवा ‘माहितीसाठी’ सहकाऱ्यांच्या व्हॉट्सॲप समूहात टाकणे सर्वथा वर्ज्य समजावे. बालकांचे अश्लील चित्रण प्रसारित करणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 67ब अन्वये पहिल्या वेळीही पाच वर्षांपर्यंत कारावासास पात्र असा गुन्हा आहे. प्रकरण शाळेच्या अब्रूसाठी आपसांत मिटविण्याची मुभाही मुख्याध्यापकांस नाही. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या 2012 च्या पोक्सो कायद्याचे कलम 19 अशा अपराधाची माहिती पोलिसांना देण्याचे कर्तव्य प्रत्येकावर टाकते, आणि त्यात कसूर करणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड अथवा दोन्हींची तरतूद आहे. मुलांसाठीची मदतवाहिनी 1098 आणि आर्थिक फसवणुकीकरिता 1930 हे क्रमांक वर्गावर्गांतून ठळक लिहिलेले असावेत.

फसवला जाणारा आणि छळणारा हे दोघेही कधी कधी एकाच वर्गात बसतात. वर्गमैत्रिणीच्या छायाचित्रात फेरफार करून ते पसरविणाऱ्या मुलास त्या कृत्याचे गांभीर्य पटवून देणे, हाही आपल्याच अध्यापनाचा भाग आहे. त्याआधी शाळेने आपले आचरण तपासावे: पालकांची अनुमती न घेता स्नेहसंमेलनातील मुलींची छायाचित्रे जाहीर करणारी आणि विद्यार्थ्यांचे आधार क्रमांक समूहात टाकणारी शाळा खाजगीपणाचा धडा कोणत्या तोंडाने देणार?

शाळाशाळांतून विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समित्या स्थापन करण्याचा शासनाचा आदेश 2022 पासून अस्तित्वात आहे. जेथे ही समिती केवळ दप्तरी नोंदीपुरती उरली असेल, तेथील मुख्याध्यापकांस आमची आग्रहाची विनंती आहे की, जूनमधील पहिल्याच परिपाठाच्या वेळी त्यांनी एका शिक्षिकेचे व एका शिक्षकाचे नाव सर्व मुलांसमोर जाहीर करावे, आणि या दोघांपैकी कोणाकडेही मोबाइलसंबंधीची अडचण घेऊन येणाऱ्यास शिक्षा होणार नाही, असा शब्द पालकांच्या उपस्थितीत द्यावा.